बाल्कनीचं कुलूप काढा

प्रति,
मराठी व्यावसायिक नाट्यनिर्माते,
नाट्यगृहं चालवणाऱ्या महापालिका आणि विश्वस्त संस्था,
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : नाटकाच्या सर्वांत स्वस्त तिकिटाबद्दल

सन्माननीय मंडळी,

गेल्या महिन्यात एका गाजणाऱ्या नाटकाचं बुकिंग सुरू झालं. मोबाइलवर खुर्च्यांचा प्लॅन उघडला तर दर दोनच. तळमजला पाचशे, मागच्या काही रांगा चारशे. त्याखाली एक तिसरा दर असायचा, तो गायब. बाल्कनी सगळी राखाडी रंगात, म्हणजे विक्रीलाच नाही. तिकीटबारीवर फोन केला आणि बाल्कनी कधी उघडणार ते विचारलं. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, "ताई, खालचं भरलं तर उघडू." खालचं भरलं नाही. आमच्या इमारतीतल्या एक बाई त्या प्रयोगाला गेल्या होत्या. मागच्या कितीतरी रांगा रिकाम्या होत्या, असं त्या सांगत आल्या. बाल्कनी अर्थातच उघडली नाही.

त्या नाटकाचं किंवा नाट्यगृहाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ही एका प्रयोगाची गोष्ट नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक कुठेही नाटक बघणाऱ्या माणसाला विचारा, तो थोड्याफार फरकाने हेच सांगेल. खुर्च्या रिकाम्या राहतात आणि तरी परवडणारी जागा मिळत नाही. हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र.

मी बदलापूरला राहते आणि एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्याचं काम करते. घरात आम्ही पाच माणसं. माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. नाटकाचं वेड त्यांनी लावलं, तेही सगळ्यात मागच्या किंवा सगळ्यात वरच्या खुर्चीवरून. पुढच्या रांगेत बसून नाटक बघतात ते शेठ लोक, अशी माझी लहानपणी प्रामाणिक समजूत होती, आणि त्यांचा हेवाही वाटत नसे, कारण वर आम्हाला नाटक तेवढंच कळायचं आणि हसण्याचा आवाज तर आमचाच मोठा असायचा.

आज पाच जणांनी नाटक बघायचं तर चारशेच्या हिशेबाने दोन हजार. त्यावर ऑनलाइनचं सुविधा शुल्क, त्या शुल्कावर कर, लोकल, दोन्ही टोकांची रिक्षा आणि मध्यंतरातले वडे. अडीच हजारांच्या खाली गणित येत नाही. माझ्या हातात पडणाऱ्या पगाराचा हा जवळजवळ दहावा भाग आहे. मग आम्ही काय करतो? दोघंच जातो. मुलांना नेत नाही. सासूबाई "माझं काय, टीव्हीवर दाखवतील कधीतरी" म्हणतात आणि आम्ही तेवढ्यावर समाधान मानतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. माझं भांडण पाचशेच्या तिकिटाशी नाही. ज्याला तिसऱ्या रांगेत बसून नटाच्या कपाळावरचा घाम बघायचा आहे आणि ज्याच्या खिशात पैसे आहेत, त्याने पाचशे काय, हजार द्यावेत. माझं भांडण आहे ते शंभर-दीडशेचं तिकीट नाहीसं झालं याच्याशी. दर वरच्या टोकाला वाढले त्यापेक्षा खालच्या टोकाला तळच उरला नाही, हे जास्त वाईट झालं. आणि याबद्दल कोणीच बोलत नाही, कारण ज्यांना बोलायला व्यासपीठ मिळतं ती मंडळी बहुधा पुढच्या रांगांत बसतात.

हा विषय काढला की नाट्यव्यवसायातून एक ठरलेलं उत्तर येतं : "मल्टिप्लेक्सला पाचशे देता, पॉपकॉर्नला तीनशे देता, मग नाटकालाच का कुरकुरता?" मुलाखतींत हे ऐकून ऐकून मला पाठ झालं आहे. त्यावर माझं उत्तर साधं आहे. मी देत नाही. सकाळचा सिनेमा दीडशेत मिळतो तेव्हा जाते, पॉपकॉर्न घेत नाही आणि बाकीचे महिन्याभराने मोबाइलवर बघते. सिनेमावाल्यांनी निदान सकाळचा खेळ, मंगळवारची सवलत, पुढच्या रांगांचा कमी दर असे काही दरवाजे उघडे ठेवले आहेत. पॉपकॉर्नचा दाखला ज्या प्रेक्षकाला देता तो तुमचा एक प्रेक्षक झाला. सगळे तसे नाहीत, आणि मराठी नाटक आजवर त्या एकट्याच्या जिवावर चाललेलं नाही.

इतिहासाचं थोडं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत मराठी नाटकाचा पहिला खेळ केला तो सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव गेले, राजाश्रय संपला आणि भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले. तेव्हापासून मराठी नाटकाचा आश्रयदाता म्हणजे तिकीट काढणारा माणूस. संगीत नाटकांच्या काळात खुर्चीवाले होते तसे पिटातले, म्हणजे सर्वांत स्वस्त जागेतलेही होते. पिटातल्या लोकांना नावं खूप ठेवली गेली, शिट्ट्या मारतात म्हणून, पदांना वन्समोअर मागून प्रयोग पहाटेपर्यंत लांबवतात म्हणून. पण कंपनीचे मालक हिशेबाला पक्के होते. पिट बंद करावा असं त्यांच्यातल्या कोणी मनावर घेतलं नाही.

आता खर्चाबद्दल, कारण हिशेब लिहिणारीने दुसऱ्याचा हिशेब न बघता तक्रार करू नये. एका प्रयोगामागे काय काय असतं ते मला दिसतं. नाट्यगृहाचं भाडं, शनिवार-रविवारचं जास्तीचं. कलाकारांची नाईट, म्हणजे प्रयोगागणिक मानधन. नेपथ्य आणि माणसं वाहून नेणारा टेम्पो नि बस, त्यांचं डिझेल. वृत्तपत्रांतल्या जाहिराती, ज्या दिल्या नाहीत तर प्रयोग आहे हेच लोकांना कळत नाही. पडद्यामागचे रंगमंच कामगार, ज्यांना मिळतात त्यापेक्षा जास्त पैसे मिळायला हवेत असं माझं मत आहे. तिकीट स्वस्त करा म्हणजे त्यांच्या पोटावर पाय आणा, असा अर्थ कोणी माझ्या पत्रातून काढू नये. मी सरसकट स्वस्त तिकीट मागतच नाही. कर्नाटक सरकारने २०२५ मध्ये सिनेमाच्या तिकिटांवर दोनशे रुपयांची कमाल मर्यादा घातली आणि उच्च न्यायालयाने तिला अंतरिम स्थगिती दिली. तसली सरसकट मर्यादा नाटकाला घातली तर चार चांगले निर्माते दुकान बंद करतील, हे मलाही कळतं.

मग खालचा दर नाहीसा का झाला? मला दिसलेलं एक कारण करात आहे, आणि ते प्रेक्षकांना फारसं माहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नाटकाच्या तिकिटावर पाचशे रुपयांपर्यंत जीएसटी नाही. आधी ही मर्यादा अडीचशे होती, जानेवारी २०१८ मध्ये ती पाचशे झाली आणि तेव्हापासून ती तिथेच खिळून आहे. पाचशेच्या वर एक रुपया गेला की अठरा टक्के, तेही वरच्या रुपयावर नव्हे, तर पूर्ण तिकिटावर. म्हणजे निर्मात्याने पहिल्या रांगांचा दर साडेपाचशे केला आणि कर त्यातच धरला, तर त्याच्या हाती ४६६ रुपये पडतात. पाचशेला विकलं असतं तर पाचशे पडले असते. पूर्वीइतके पाचशे हाती यायचे तर तिकीट ५९० ला विकावं लागतं. काही नाटकं ही उडी मारतात, कारण त्यांच्याकडे नाव असतं. बाकीचे पाचशेलाच थांबतात.

आता बघा. २०१८ पासून डिझेल, भाडी, जाहिरातीचे दर, सगळं वाढलं. वरचा दर पाचशेला अडकलेला. मग वाढीव खर्च काढायचा कुठून? खालून. दोनशेचे तीनशे झाले, तीनशेचे चारशे, आणि शंभर-दीडशेचा वर्ग पुसला गेला. वर झाकण घट्ट बसवलं आणि तळ वर ढकलला, अशी ही गत आहे. निर्मात्यांनी हे कधी प्रेक्षकांना मोकळेपणाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आम्हीही तुमच्याबरोबर अर्थमंत्र्यांना पत्रं लिहिली असती.

म्हणून माझी एक मागणी जरा उफराटी वाटेल. ही पाचशेची मर्यादा वाढवून घ्या. स्वस्त तिकीट मागणाऱ्या बाईने महागड्या तिकिटाची वाट मोकळी करा म्हणावं, हे विचित्र आहे खरं. पण पुढच्या दहा रांगांतून जास्त पैसे मिळाले तरच मागच्या दहा रांगा सोडवता येतील. ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून घ्या. फक्त ते घेतल्यावर मागच्या रांगा खरोखर सोडा.

दुसरी तक्रार बाल्कनीची. ती का बंद ठेवतात, याची मला सांगितलेली कारणं अशी : वर दोन डोअरकीपर लागतात, वातानुकूलन जास्त चालवावं लागतं, आणि मुख्य म्हणजे बाल्कनी उघडली की लोक खालचं तिकीट काढत नाहीत. पहिली दोन कारणं मी मान्य करते. तिसरं मला पटत नाही. समजा नाट्यगृह नऊशे खुर्च्यांचं आहे. त्यातल्या शेवटच्या नव्वद खुर्च्या शंभर रुपयांना ठेवल्या आणि त्या भरल्या, तर नऊ हजार रुपये जमा. त्याच नव्वद खुर्च्या चारशेला ठेवल्या आणि रिकाम्या राहिल्या, तर शून्य. नव्वदपैकी निदान तेवीस खुर्च्या चारशेला विकल्या गेल्या तरच तुमचा निर्णय बरोबर ठरतो. चालत्या नाटकाला रविवारी त्या जातीलही. बुधवारी रात्री साडेआठला? मंडळी, तुमचे बुकिंग क्लार्क तुम्हाला खरं सांगत असतील, तर उत्तर तुम्हाला माहीत आहे.

आणि खालचा माणूस वर पळेल ही भीतीही अर्धीच खरी आहे. गुडघे दुखणारे काका शंभर रुपयांसाठी चाळीस पायऱ्या चढत नाहीत. ज्याला चेहरे बघायचे आहेत तो वर जात नाही. जे थोडे पळतील त्यांना आवरायला स्वस्त जागांची संख्या मर्यादित ठेवा, एका माणसाला फार तर दोन-तीन द्या. पण कुलूप कशाला?

ऑनलाइन विक्रीबद्दल लिहायला बसले तर स्वतंत्र पत्र होईल, म्हणून थोडक्यात. घरबसल्या तिकीट मिळतं ही सोय मोठी आहे, बदलापूरच्या माणसाला तर फारच. पण सुविधा शुल्क तिकिटागणिक लागतं. पाच तिकिटं एका दमात काढली तरी पाच वेळा. सोय एकदाच झाली ना? शिवाय काही प्रयोगांचं ऑनलाइन बुकिंग आधी सुरू होतं आणि तिकीटबारी नंतर उघडते. ज्या आजोबांना मोबाइलवरून पैसे पाठवता येत नाहीत, ते खिडकीवर पोचतात तोवर कमी दराच्या जागा उडालेल्या असतात. म्हणजे ज्याला स्वस्त जागेची सर्वांत जास्त गरज, त्याच्या वाट्याला ती सर्वांत शेवटी.

पूर्वी वृत्तपत्रातल्या जाहिरातीत कोपऱ्यात बारीक अक्षरांत का होईना, दर छापलेले असत. आता बऱ्याच जाहिरातींत कलाकारांचे फोटो, शंभरावा प्रयोग, लोकाग्रह, सगळं असतं. दर शोधायला ॲपमध्ये शिरावं लागतं. भाजीवालाही भाव विचारला की सांगतो.

सौजन्य प्रवेशिकांचं, म्हणजे फुकट पासांचं काय? पुढच्या एक-दोन रांगा अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि त्यांच्या ओळखीच्यांसाठी राखून ठेवतात आणि त्यातल्या अर्ध्या पडदा उघडला तरी रिकाम्या असतात. नट बिचारे त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून काम करतात. तिसरी घंटा झाली की त्या जागा मागच्यांना द्या, इतकं साधं आहे. यावर जास्त लिहीत नाही. सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीच काही करत नाही.

आता महापालिकांना उद्देशून. ठाण्याचं गडकरी रंगायतन, कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर, पुण्याचं १९६८ साली सुरू झालेलं बालगंधर्व रंगमंदिर, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, नाशिकचं कालिदास कलामंदिर, ही नाट्यगृहं कोणा खासगी मालकाची नाहीत. ती करदात्यांच्या पैशांतून उभी राहिली आणि त्यांची दुरुस्तीही त्याच पैशांतून होते. गडकरी रंगायतन मोठ्या दुरुस्तीनंतर २०२५ साली पुन्हा उघडलं तेव्हा आम्हाला आनंदच झाला. पण सार्वजनिक पैशाने खुर्च्या बदलायच्या आणि त्या खुर्च्यांवर बसायचा दर ठरवताना सार्वजनिक हिताचा एक शब्दही नाही, हे कसं?

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेली, शंभर वर्षांहून जुनी वास्तू. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी राखेसमोर उभे राहून रडणारे कोल्हापूरकर सगळे पहिल्या रांगेतले नव्हते. नाट्यगृह आपलं वाटायला आत कधीतरी बसायला मिळालेलं असावं लागतं. आज ज्या मुलांना आत बसायला मिळत नाही, ती उद्या एखादं नाट्यगृह पाडून तिथे मॉल झाला तर रस्त्यावर येतील का?

परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ सालचं. गिरणगावाचं नाटक तिथे वाढलं. २०२३ मध्ये ते पुनर्बांधणीसाठी बंद झालं तेव्हा रंगकर्मी आणि कामगार वस्तीतली माणसं एकत्र येऊन भांडली. माझे वडील त्याच हॉलच्या शेवटच्या रांगांमधले. नवं नाट्यगृह होईल तेव्हा ते चकचकीत असेल, वातानुकूलित असेल. त्यात शेवटच्या रांगा असतील का, म्हणजे शेवटच्या रांगेच्या दराच्या, एवढंच मला विचारायचं आहे.

शासनाला परवडणारं नाटक काय असतं हे चांगलं माहीत आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेला आजही दहा-पंधरा रुपयांत बसता येतं. दिवसभर नोकरी करून रात्री तालीम करणारी हौशी मंडळी तिथे जीव ओतून काम करतात. पण स्पर्धा झाली वर्षातले काही दिवस, ठरावीक केंद्रांवर. व्यावसायिक नाटकांसाठीही शासनाची अनुदान योजना आहे. परीक्षण समिती नाटक बघते, दर्जा ठरवते, त्यानुसार प्रयोगांना पैसे मिळतात. हे अनुदान बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही, उलट वाढवा. पण दर्जा मोजताना एक प्रश्न तिकीटबारीलाही विचारा. या प्रयोगाला शंभर रुपयांत किती माणसं बसली?

या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचतं ते विद्यार्थ्यांचं. माझा भाचा कॉलेजात एकांकिका करतो. १९६३ पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा चालू आहे, मुंबईत स्पर्धांची रांग लागलेली असते, आणि तुमच्या आजच्या रंगमंचावरचे कितीतरी नट, लेखक, दिग्दर्शक तिथूनच आले आहेत. ही मुलं रात्र रात्र तालमी करतात, स्वतः ताटल्या बडवून पार्श्वसंगीत उभं करतात. आणि त्यांना व्यावसायिक नाटक बघायचं तर चारशे-पाचशे? भाच्याने मला सांगितलं की त्यांच्या ग्रुपमधले दोघं नाटक बघतात आणि बाकीच्यांना प्रवेशागणिक करून दाखवतात. ऐकायला गंमत वाटते. मला हसू आलं नाही. सवय लागायचं वय हेच. या वयात जो नाट्यगृहात आला नाही तो चाळिशीत खिशात पैसे आल्यावर येईल, असं कोणी गृहीत धरत असेल तर त्याने आजच्या प्रेक्षागृहातल्या पांढऱ्या केसांकडे एकदा मागे वळून बघावं.

आता मागण्या.

निर्मात्यांनो, प्रत्येक प्रयोगाच्या एकूण जागांपैकी निदान दहावा हिस्सा शंभर रुपयांना ठेवा. कोणत्या रांगा द्यायच्या ते तुम्ही ठरवा. मागच्या द्या, वरच्या द्या, खांबाआडच्या द्या, आमची तक्रार नाही. नाटक कितीही गाजलं, पाचशेवा प्रयोग असला, तरी त्या जागांचा दर हलवायचा नाही. त्यातल्या निम्म्या जागा फक्त तिकीटबारीवर विका, म्हणजे ऑनलाइन न जमणाऱ्यांना मिळतील. विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर प्रयोगाच्या दिवशी उरलेल्या जागा द्या. जाहिरातीत सगळे दर छापा, सर्वांत कमी दर आधी. आणि सोनार, मसालेवाले, बांधकाम व्यावसायिक तुमचे प्रायोजक असतात, तर त्यांच्याकडून बॅनरचे पैसे घेताना स्वस्त जागांचेही घ्या. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००३ साली परकीय चलनाचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीच्या मदतीने आपल्या मोठ्या प्रेक्षागृहातल्या बहुतांश जागा दहा पौंडांत दिल्या. "या शंभर जागा अमुक सराफांच्या सौजन्याने" असं मध्यंतरात जाहीर केलंत तर आम्ही टाळ्या वाजवू, मनापासून.

महापालिका आणि विश्वस्तांनो, स्वस्त जागा ठेवणाऱ्या प्रयोगाला भाड्यात सवलत द्या, आणि ती नियमातच लिहा, अर्ज-विनंत्यांवर सोडू नका. तारखांचं वाटप करताना अशा प्रयोगांना शनिवार-रविवारच्या काही तारखा राखून ठेवा. बाल्कनी उघडण्याचा वेगळा खर्च निर्मात्याच्या माथी मारू नका. राखीव जागा तिसऱ्या घंटेला खुल्या करा. तिकीटबारी आणि ऑनलाइन विक्री एकाच वेळी सुरू झाली पाहिजे, ही अटही भाडेकरारात घाला. नाट्यगृह तुमचं आहे, ही अट घालायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही.

सांस्कृतिक कार्य विभागाने अनुदानाच्या अटींत शंभर रुपयांच्या जागा आणाव्यात, आणि राज्याच्या अर्थमंत्र्यांमार्फत जीएसटी परिषदेत नाटकाच्या तिकिटाची करमुक्त मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव न्यावा. तो नेला की नाही, हे लोकांना सांगावं.

यातलं सगळं उद्या होईल अशी माझी अपेक्षा नाही. एखाद्या निर्मात्याने एका नाटकापुरतं, तीन महिन्यांसाठी करून बघावं आणि हिशेब जाहीर करावा. तोटा झाला तर मी तो मान्य करीन. पतसंस्थेत काम करते, तोटा ओळखता येतो.

आमच्या वसाहतीत महिलांचा एक गट आहे. पूर्वी आम्ही वर्षातून काही वेळा एकत्र नाटकाला जायचो, बस ठरवून. दर वाढत गेले तशा एकेक जणी गळाल्या आणि बस ठरवणं बंद झालं. या बायकांशी मी हे पत्र लिहिण्याआधी बोलले आहे. जो निर्माता कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्यातल्या प्रयोगाला शंभर रुपयांच्या जागा जाहीर करील, त्याच्याकडून आम्ही चाळीस तिकिटं घेऊ. पैसे आगाऊ, रोख, तिकीटबारीवर. आठवड्याचा कुठलाही वार चालेल. मात्र परतीची बदलापूर लोकल मिळायला हवी, म्हणून प्रयोग वेळेवर सुरू करा.

आपली,
बदलापूरची एक प्रेक्षक